कपाटातल्या हार्ड डिस्कांवर काय आहे ते डिस्क न जोडता शोधायचंय – लोकेट, अपडेटडीबी वगैरे

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावातल्या वाचनालयाने बरंच जुनं साहित्य स्कॅन करून ठेवलंय. दिवाळी अंक, नाटकांच्या जाहिराती, स्थानिक साप्ताहिकाची कात्रणं, शिवाय व्याख्यानमालेच्या कॅसेटींवरून उतरवलेली ध्वनिमुद्रणं. सगळं मिळून काही लाख फायली, चार यूएसबी हार्ड डिस्कांवर. डिस्का कपाटात, कपाटाची किल्ली ग्रंथपालांकडे. कोणी संशोधक आला आणि "अमुक सालचा अंक आहे का हो" म्हणाला की एकेक डिस्क जोडा, फोल्डर उघडा, बंद करा, पुढची जोडा. फाइंड कमांड चालते, पण ती दरवेळी अख्खी डिस्क चाळत बसते आणि डिस्क जोडलेली असावी लागते ते वेगळंच.

संगणकावर डेबियन १२ (लिनक्स) आहे. लोकेटबद्दल (फायलींच्या नावांची आधीच करून ठेवलेली यादी चाळणारी कमांड) वाचलं म्हणून त्यातलं पीलोकेट बसवलं, आणि ती यादी करणारं अपडेटडीबी सुडो लावून (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवलं. आता लोकेटला सिस्टिममधल्या वाट्टेल त्या फायली सापडतात, पण हार्ड डिस्कवरचं एकही नाव सापडत नाही. डिस्क जोडलेली असताना अपडेटडीबी चालवलं होतं, हे आधीच सांगते.

मला हवंय ते असं: डिस्क कपाटातच राहू दे, नाव टंकलं की कुठल्या डिस्कवर कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते कळावं. कमांडलाइनची भीती नाही, पण कोणी समजावून सांगितलं तर बरं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

(कमांडा धाग्याच्या सोयीसाठी देवनागरीत लिहूया, टर्मिनलवर रोमनमध्ये टंकायच्या हे उघड आहे.)

रानवारा

लोकेट कशाला, विंडोजवर एव्हरीथिंग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. टंकत असतानाच निकाल दिसतात.

टर्मिनलतात्या

रानवारा, एव्हरीथिंग उत्तमच आहे, विंडोजच्या एनटीएफएस फाइलसिस्टिममधली सगळ्या फायलींची नोंदवही (मास्टर फाइल टेबल) थेट वाचतं म्हणून इतकं चपळ. पण ताईंकडे डेबियन आहे आणि त्यांनी ते बदलायचं का, असा प्रश्न विचारलेला नाही.

पाटीपेन्सिल ताई, तुमची डिस्क जोडली की ती आपोआप /मीडिया/तुमचं-नाव/डिस्कचं-लेबल इथे बसते, बरोबर? आता /एट्सी/अपडेटडीबी.कॉन्फ उघडा. चारच ओळी महत्त्वाच्या आहेत: प्रून_बाइंड_माउंट्स, प्रूननेम्स, प्रूनपाथ्स आणि प्रूनएफएस. प्रूनपाथ्समध्ये /टीएमपी, /व्हार/स्पूल यांच्या शेजारी /मीडिया दिसेल. म्हणजे त्या डिरेक्टरीखालचं काहीही यादीत घ्यायचं नाही, असं डेबियननेच ठरवून दिलंय. बिघाड काही नाही. पेनड्राइव्ह आज आहे, उद्या नाही, त्याची नावं मुख्य डेटाबेसमध्ये भरून करायचं काय, हा त्यामागचा विचार.

बरेच जण इथे /मीडिया खोडून मोकळे होतात. ते करू नका. अपडेटडीबी रोज एकदा आपोआप चालतं. ज्या दिवशी डिस्क जोडलेली नसेल त्या दिवशी तिची सगळी नावं मुख्य डेटाबेसमधून गळतील, आणि तुम्हाला तर डिस्क नसतानाच शोधायचंय.

तुमचा उपाय निराळा: प्रत्येक डिस्कचा स्वतंत्र डेटाबेस. जेवून आलो की लिहितो.

घाटावरची

तात्या नेहमी ऐन रंगात आले की जेवायला जातात.

जुनाकीबोर्ड

तात्या येईपर्यंत थोडं अवांतर.

या हत्याराचं वय बघा. १९८३ साली जेम्स वूड्स यांनी युसेनिक्सच्या ;लॉगिन: या नियतकालिकात फायली झटपट शोधण्यावर एक छोटा लेख लिहिला, तिथून ही कल्पना बीएसडी युनिक्सात आली. फाइंडने दरवेळी डिस्क पायाखाली घालण्याऐवजी रात्री एकदा सगळ्या नावांची यादी करायची आणि दिवसभर त्या यादीत शोधायचं. शेजारशेजारच्या दोन पाथमध्ये सुरुवातीचा भाग बहुतेक सारखाच असतो, तेव्हा आधीच्या पाथशी किती अक्षरं जुळतात तो आकडा आणि पुढचं उरलेलं शेपूट एवढंच साठवायचं. डिस्क महाग होती त्या काळात ही काटकसर फार मोलाची.

पुढे प्रश्न आला गोपनीयतेचा. यादी रूटने, म्हणजे प्रशासकाने, केलेली, सगळ्यांना वाचता येणारी, म्हणजे शेजाऱ्याच्या खासगी फोल्डरमधल्या फायलींची नावंही मला दिसणार. त्यावर वाचायची परवानगी तपासून मगच नाव दाखवणारं एसलोकेट आलं, मग मिलोस्लाव्ह त्रमाच यांचं एमलोकेट. त्यातला 'एम' म्हणजे मर्जिंग. ज्या डिरेक्टरीची बदलाची वेळ तीच आहे तिच्यातली नावं जुन्या डेटाबेसमधून उचलायची, डिस्कला त्रास द्यायचा नाही. डिरेक्टरीत फाइल आली, गेली किंवा नाव बदललं की डिरेक्टरीची वेळ बदलते, त्यामुळे हे जमतं. सध्याचं पीलोकेट स्टाइनार गुंडरसन यांचं, २०२० मधलं. त्यात तीन-तीन बाइटच्या तुकड्यांची अनुक्रमणिका असते, म्हणून लाखो नावांत डोळ्याचं पातं लवेपर्यंत उत्तर येतं. डेबियन १२ मध्ये एमलोकेट बसवायला गेलात तरी हातात पीलोकेटच पडतं.

जुन्या एमलोकेटकरांनी एक लक्षात ठेवावं. तिथे दोन शब्द दिले तर दोहोंपैकी एक असलेलंही सापडायचं. पीलोकेटमध्ये दोन्ही असायला लागतात. मला हेच बरं वाटतं: 'दिवाळी १९७२' असं दिलं की नेमकं तेवढंच.

टर्मिनलतात्या

आलो.

पहिली गोष्ट, डिस्कांना नावं द्या आणि जागा पक्की करा. डेटाबेसमध्ये पूर्ण पाथ साठतो. आज डिस्क एका ठिकाणी आणि उद्या दुसऱ्या ठिकाणी बसली तर यादीवरून काहीच बोध होणार नाही. एलएसबीएलके -एफ चालवून लेबल आणि फाइलसिस्टिम बघा. लेबल नसेल तर एक्सटी४ साठी ई२लेबलने द्या. डिस्कच्या डबीवरही तेच नाव मार्करने लिहा, याला पर्याय नाही. मग /एमएनटी खाली त्या नावाची रिकामी डिरेक्टरी करा आणि /एट्सी/एफएसटॅबमध्ये प्रत्येक डिस्कची एक ओळ टाका:

लेबल=अंक१ /एमएनटी/अंक१ एक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल ० २

ते नोफेल गाळू नका. गाळलंत तर डिस्क कपाटात असताना संगणक सुरू होताना तिची वाट बघत बसेल आणि शेवटी इमर्जन्सी मोडच्या काळ्या पडद्यावर नेऊन सोडेल.

/एमएनटी हे डेबियनच्या वगळण्याच्या यादीत नसतं, त्यामुळे /मीडियाची कटकट इथे नाही.

आता मुख्य कमांड. आधी घरच्या डिरेक्टरीत 'याद्या' नावाचं फोल्डर करा, आणि डिस्क जोडलेली असताना:

अपडेटडीबी -एल ० -यू /एमएनटी/अंक१ -ओ ~/याद्या/अंक१.डीबी

यातला एल लहान, ओ लहान, यू मात्र कॅपिटल. -यू म्हणजे कुठून खाली चाळायचं, -ओ म्हणजे यादी कुठे ठेवायची. सुडो लागत नाही, आणि लावूही नका, नाहीतर यादीची फाइल रूटच्या मालकीची होऊन बसेल.

-एल ० चं महत्त्व जास्त. जुनाकीबोर्ड म्हणाले ती गोपनीयतेची तपासणी याच पर्यायाने चालू-बंद होते. चालू असेल तर लोकेट प्रत्येक निकाल दाखवण्याआधी बघतं की ती डिरेक्टरी तुम्हाला वाचता येते का. डिस्क कपाटात असेल तर डिरेक्टरीच नाही, मग वाचता येण्याचा प्रश्न कुठला? निकाल शून्य. यादी पूर्ण आहे आणि तरी काही दिसत नाही, असा चकवा लागतो तो यामुळेच. शून्य दिलं की तपासणी बंद आणि नावं सरळ समोर. मात्र ती यादीची फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला सगळी नावं दिसतील, तेवढं ध्यानात असू द्या.

शोधायचं असं:

लोकेट -डी ~/याद्या/अंक१.डीबी -डी ~/याद्या/अंक२.डीबी बालगंधर्व

-डी हवे तितक्या वेळा देता येतं. किंवा लोकेट_पाथ या एन्व्हायरनमेंट व्हेरिएबलमध्ये सगळ्या याद्या कोलनने (:) जोडून .बॅशआरसीत टाकून ठेवा, म्हणजे मुख्य डेटाबेसबरोबर त्याही आपोआप चाळल्या जातील. पीलोकेटच्या जुन्या आवृत्त्यांत एका वेळी एकच डेटाबेस चालायचा, डेबियन १२ मध्ये ही अडचण नाही.

-ई हा पर्याय मात्र तुमच्या कामाचा नाही. तो आत्ता प्रत्यक्ष हजर असलेल्याच फायली दाखवतो.

पाटीपेन्सिल

तात्या, दंडवत! अंक१ ची यादी झाली. डिस्क काढून कपाटात ठेवली आणि लोकेट चालवलं तर खरोखर सगळे पाथ आले. ग्रंथपाल मागे उभे होते, ते म्हणाले, "डिस्क तर इथे माझ्या हातात आहे!"

आता प्रश्न. (१) हे दर आठवड्याला आपोआप व्हावं असं टायमर लावू का? (२) अंक३ ही डिस्क एक्सफॅट आहे, ती एक सभासद घरी नेऊन विंडोजवर भर घालतात. (३) एका फोल्डरमध्ये फक्त लघुप्रतिमा आहेत, हजारोंनी. त्या यादीत नको आहेत. फोल्डरचं नाव 'छोट्या प्रतिमा', मध्ये मोकळी जागा आहे.

टर्मिनलतात्या

(३) आधी, कारण ते सोपं. कॉन्फ फाइलमधल्या याद्या मोकळ्या जागेवर तुटतात, त्यामुळे असं नाव तिथे घालता येत नाही. पीलोकेटच्या अपडेटडीबीला --ॲड-सिंगल-प्रूनपाथ असा पर्याय आहे, त्याच्यापुढे अवतरणचिन्हांत पूर्ण पाथ द्या. प्रूननेम्सबद्दलही एक सांगून ठेवतो: त्यात फक्त डिरेक्टरीची नेमकी नावं चालतात, तारांकन वगैरे चालत नाही. तिथे तारांकन-डॉट-टीएमपी लिहून काहीही होणार नाही. काय वगळलं आणि का, हे बघायचं असेल तर --डीबग-प्रूनिंग लावा, प्रत्येक निर्णय छापून येतो.

(१) टायमर लावू नका असं माझं मत. डिस्क नसताना /एमएनटी/अंक१ ही डिरेक्टरी असतेच, फक्त रिकामी. अपडेटडीबी इमानेइतबारे रिकाम्या डिरेक्टरीची रिकामी यादी करेल आणि चांगल्या यादीवर लिहून टाकेल. त्याच्या दृष्टीने सगळं सुरळीत झालेलं असतं, एकही चूक दाखवणार नाही. म्हणून छोटी स्क्रिप्ट करा आणि तिच्यात आधी खात्री करा:

माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/अंक१ && अपडेटडीबी -एल ० -यू /एमएनटी/अंक१ -ओ ~/याद्या/अंक१.नवी && एमव्ही ~/याद्या/अंक१.नवी ~/याद्या/अंक१.डीबी

माउंटपॉइंट -क्यू फक्त 'इथे खरंच काही बसवलंय का' एवढं बघतं. नसेल तर पुढचं काहीच होत नाही. डिस्कवर भर घातली की काढण्याआधी ही स्क्रिप्ट चालवायची, एवढी शिस्त पुरे. तरीही टायमरच हवा असेल तर सिस्टिमडीच्या सर्व्हिसमध्ये कंडिशनपाथइजमाउंटपॉइंट ही ओळ घाला, तिचंही काम हेच.

(२) चं उत्तर याच स्क्रिप्टमध्ये लपलंय. यादी दरवेळी .नवी या नावाने का केली? तिथे जुना डेटाबेस नसल्यामुळे जुन्यातली नावं उचलण्याची शक्यताच राहत नाही, सगळं पुन्हा वाचलं जातं. फॅट घराण्यातल्या फाइलसिस्टिमवर विंडोजमधून भर घातली तर डिरेक्टरीच्या बदलाच्या वेळेवर विसंबता येत नाही. वेळ जुनीच राहिली तर अपडेटडीबीला वाटतं इथे काही बदललं नाही, आणि नवे अंक यादीत येतच नाहीत. दोन-चार मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

फणसगरे

वाचनखूण साठवली.

घाटावरची

तात्या, माझं थोडं वेगळं दुखणं. घरी नॅस (नेटवर्कवरची साठवणपेटी) आहे, ते लॅपटॉपवर एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून, बसवलेलं. त्यावरचं लोकेटला काहीच दिसत नाही. /मीडियात नाही, /एमएनटीत आहे.

टर्मिनलतात्या

प्रूनएफएस बघ. एनएफएस, सीआयएफएस, एसएसएचएफएस ही सगळी तिथे वगळलेली आहेत. कल्पना कर, कचेरीतल्या शंभर संगणकांवर एकाच सर्व्हरची डिरेक्टरी बसवलीय आणि रात्री शंभर अपडेटडीबी तिच्यावर तुटून पडले. सर्व्हरवाला हातात काठी घेऊन येईल.

नॅसवर एसएसएचने जाता येत असेल आणि तिथे पीलोकेट असेल तर यादी तिथेच कर आणि ती फाइल लॅपटॉपवर आण. नेटवर्कवरून लाखभर डिरेक्टऱ्या वाचण्यापेक्षा एक फाइल आणणं केव्हाही स्वस्त. फक्त -एल ० विसरू नकोस, आणि नॅसवरचा पाथ लॅपटॉपवरच्या पाथपेक्षा वेगळा असेल हे लक्षात ठेव.

रानवारा

डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) अपडेटडीबी सुरू केलं, चहा झाला तरी संपलं नाही.

टर्मिनलतात्या

ते तुमची अख्खी सी ड्राइव्ह चाळतंय. /एमएनटी/सी प्रूनपाथ्समध्ये टाका. विंडोजकडच्या फायलींसाठी तुमचं ते एव्हरीथिंग आहेच की.

जुनाकीबोर्ड

अजून एक खड्डा सांगतो, कारण फेडोरावाले इथे येऊन विचारणारच. बीटीआरएफएसवर /होम हे वेगळं सबव्हॉल्यूम असतं. प्रून_बाइंड_माउंट्स 'यस' असेल तर ते सबव्हॉल्यूम बाइंड माउंट (तीच डिरेक्टरी दुसऱ्या जागी पुन्हा बसवलेली) समजून वगळलं जाऊ शकतं, आणि स्वतःच्याच घरातली एकही फाइल सापडत नाही. तो पर्याय 'नो' करायचा आणि अपडेटडीबी पुन्हा चालवायचं.

पाटीपेन्सिल

चारही याद्या झाल्या. पण एक विचित्र प्रकार आहे. अंक४ वर 'कऱ्हाड' नावाचं फोल्डर आहे, व्याख्यानमालेचं. ते एलएसमध्ये दिसतं, डोळ्यांनी वाचता येतं. लोकेट कऱ्हाड दिलं तर काही नाही. लोकेट हाड दिलं तर सापडतं! तसंच 'दुसऱ्या महायुद्धाची कात्रणं' या फोल्डरचं. 'महायुद्धाची' दिलं की येतं, 'दुसऱ्या' दिलं की नाही. या डिस्कवरच्या बऱ्याच फायली पुण्याच्या एका स्नेह्यांच्या जुन्या मॅकवरून आरसिंकने (फायलींची नक्कल करणारी कमांड) आल्यात. त्याचा संबंध असेल का?

बे_एरियातला_बंड्या

असेल नाही, आहेच. आणि हा आपला खास मराठी रोग आहे, हिंदीवाल्यांना सहसा होत नाही. सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः देवनागरी नावांच्या फायलींशी बराच काळ झटापट केली आहे.

तुमच्या दोन्ही उदाहरणांत ऱ आहे. युनिकोडात ऱ ला स्वतःचं एक अक्षरस्थान आहे. पण तोच ऱ 'र' आणि त्याखाली नुक्ता अशा दोन तुकड्यांतही लिहिता येतो, आणि युनिकोडच्या नियमाप्रमाणे दोन्ही समान मानायचे असतात. जुन्या मॅकची एचएफएस-प्लस फाइलसिस्टिम नावं साठवताना अशी अक्षरं फोडून ठेवायची. तिथून आरसिंकने एक्सटी४ वर आलं की फोडलेलंच नाव येतं. लिनक्स त्यात ढवळाढवळ करत नाही, जे बाइट आले ते ठेवतं. तुम्ही कीबोर्डवरून टंकता तो अखंड ऱ. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, बाइट वेगळे. लोकेट बाइट बघतं.

खात्री करायची असेल तर एलएसचा निकाल एचडी कमांडला द्या, डोळ्यांदेखत फरक दिसेल.

उपाय: कॉन्व्हएमव्ही नावाचं छोटं हत्यार डेबियनमध्ये आहे.

कॉन्व्हएमव्ही -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी -आर /एमएनटी/अंक४

हे चालवलं तर ते फक्त 'काय काय बदलेन' ते दाखवतं, हात लावत नाही. यादी नीट वाचा. पटलं की त्यातच --नोटेस्ट जोडून पुन्हा चालवा, मग खरी नावं बदलतील. त्यानंतर यादी नव्याने करा.

आता वाईट बातमी. एवढ्याने सगळं सुटत नाही.

एक: 'ऱ्य' हा अर्धा र काही जुन्या कीबोर्डांवरून र, हलन्त आणि न दिसणारा शून्यरुंदी जोडक अशा तीन तुकड्यांनी टंकला जायचा. इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबून येतो तो अखंड ऱ. या दोन रूपांना युनिकोड समान मानत नाही, त्यामुळे कॉन्व्हएमव्ही त्यांना हात लावणार नाही.

दोन: 'ॲ'. हे अक्षर युनिकोडात २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी सगळे अ वर चंद्र काढून काम भागवायचे, आणि अजूनही कित्येक जण तसंच टंकतात. 'ॲडव्होकेट' आणि 'अॅडव्होकेट' तुम्हाला एकच दिसतील, संगणकाला नाही. हेही कॉन्व्हएमव्ही एक करत नाही.

यासाठी दोन मार्ग. एकतर पर्लवाल्या रीनेमने सगळ्या फायलींची नावं एका रूपात आणा. नाहीतर शोधताना लोकेट --रेजेक्स देऊन दोन्ही रूपं उभ्या दांडीने जोडा. रेजेक्समध्ये अनुक्रमणिका वापरली जात नाही, सगळी यादी सरळ वाचली जाते. पण काही लाख नावांना ते कितीसं जड जाणार. मी पहिला मार्ग घेईन. शोधणारा माणूस दर वेळी ही भानगड लक्षात ठेवणार नाही.

जुनाकीबोर्ड

+१. आणि बंड्याच्या म्हणण्याला एक पुरवणी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं. म्हणजे पीलोकेटच्या तीन बाइटच्या अनुक्रमणिकेत आपलं एकच अक्षरसुद्धा बसतं, रोमनमध्ये किमान तीन अक्षरं द्यावी लागतात. पण अख्ख्या देवनागरीचा पहिला बाइट एकच आणि दुसरा दोनांपैकी एक, त्यामुळे एका तुकड्याखाली ढीगभर नावं साठतात. मोठा शब्द दिलात तरच खरा फायदा.

घाटावरची

नेहमीच्या वापरात मला तरी काही फरक जाणवलेला नाही.

जुनाकीबोर्ड

जाणवायचा नाहीच. माहिती म्हणून सांगितलं.

पाटीपेन्सिल

बंड्या, अगदी तेच निघालं. एचडीमध्ये नुक्ता वेगळा दिसला. कॉन्व्हएमव्हीने आधी दाखवलेली यादी लांबलचक होती, 'सातारा'सारख्या नावांना हात नाही, 'वऱ्हाड', 'नवऱ्या', 'शेतकऱ्यांचा' सगळे त्यात. --नोटेस्ट देऊन पुन्हा चालवलं, यादी नव्याने केली, कऱ्हाड सापडलं. 'ॲ'साठी नावं एका रूपात आणायचं ठरवलंय, 'अॅडव्होकेट' असलेल्या फायली तशा थोड्याच आहेत. जोडकवाला र्‍य सुदैवाने एकाच स्वयंसेवकाच्या फायलींत आहे.

आता शेवटचं. ग्रंथपालांना -डी, -डी करत बसायचं नाहीये. त्यांना एकच शब्द हवाय.

टर्मिनलतात्या

.बॅशआरसीत एक फंक्शन लिहा. बॅशमध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत चालतं, म्हणून हे खरोखर देवनागरीतच टंकायचं: शोध. आत लोकेट -आय, चारही याद्यांचे -डी, आणि शेवटी अवतरणात डॉलर-ॲट. मग ग्रंथपाल टर्मिनलवर लिहितील 'शोध दिवाळी १९७२' आणि एंटर. -आय देवनागरीला लागू नाही, कारण आपल्याकडे लहान-मोठी लिपी नसते, पण 'स्कॅन' आणि 'फायनल' अशी रोमन नावं कोणी कशीही लिहिलेली असतात.

निकाल फार आले तर -एल २० लावता येतो. लोकेटमध्ये -एल म्हणजे किती निकाल, अपडेटडीबीत -एल म्हणजे ती गोपनीयतेची तपासणी. दोन कमांडांत एकच अक्षर दोन कामांना, गोंधळू नका. नुसता आकडा हवा असेल तर -सी.

फणसगरे

मी एवढा वेळ नुसता वाचत होतो. स्कॅन केलेल्या पानांच्या आतला मजकूरही यातच शोधता येईल का?

बे_एरियातला_बंड्या

नाही. लोकेटला फक्त नावं कळतात. आतल्या मजकुरासाठी आधी टेसेरॅक्टने अक्षरओळख करावी लागेल, त्यात मराठीचं मॉडेल आहे. मग रिकॉलसारखं हत्यार. जुन्या खिळ्यांच्या छपाईवर निकाल यथातथाच येतात, अपेक्षा बेताची ठेवा. आणि रिकॉल आणलं तरी लोकेट काढू नका, नावावरून शोधायला रिकॉल अवजड पडतं. यावर वेगळा धागा काढा, इथे भरकटेल.

पाटीपेन्सिल

'शोध' सुरू झालं. ग्रंथपालांनी पहिल्यांदा काय शोधलं असेल तर स्वतःचं आडनाव.

एक सभासद विचारतायत की ही यादी त्यांच्या विंडोजवर बघता येईल का.

टर्मिनलतात्या

लोकेटला -डी ने एक यादी द्या आणि शोधायला फक्त तिरकी रेघ द्या. प्रत्येक पाथमध्ये ती असतेच, त्यामुळे सगळे पाथ छापून येतील. ते एका मजकुराच्या फाइलमध्ये वळवा आणि पाठवा, नोटपॅडमध्ये उघडेल आणि कंट्रोल-एफने शोधता येईल.

उलटं हवं असेल, म्हणजे ते विंडोजवर डीआयआर /एस /बी करून यादी पाठवणार असतील, तर कमांड प्रॉम्प्टवर आधी सीएचसीपी ६५००१ टंकायला सांगा. नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येईल. पीलोकेट-बिल्ड वापरून त्या मजकुराचाही डेटाबेस करता येतो, पण एका डिस्कच्या यादीसाठी ग्रेप पुरे. आणि बाहेर पाठवण्याआधी यादी एकदा चाळा. देणगीदारांच्या पावत्यांचं फोल्डर वगैरे त्यात असेल तर ते --ॲड-सिंगल-प्रूनपाथने वगळून यादी पुन्हा करा.

पाटीपेन्सिल

आहे तसं एक फोल्डर. अंक२ वर. उद्या डिस्क काढून घेते.